घट आधी सांगावी

माझे वडील गलाईचे काम करतात. जुने सोने-चांदी मुशीत वितळवून, त्यातला मळ काढून शुद्ध धातू परत द्यायचा, हा तो धंदा. आमच्या आटपाडी भागातल्या घरांतली माणसे याच कामासाठी देशभर पांगली आहेत. आप्पाही बरीच वर्षे परमुलखात भट्टी चालवून सांगलीला परतले आणि सराफी पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांनी स्वतःची खोली घेतली.

त्यांच्या धंद्यात दोन रिती आहेत. पहिली : दागिना मुशीत टाकण्याआधी गिऱ्हाइकाला घट सांगायची. घट म्हणजे वितळवताना जळून, उडून, मळ निघून कमी होणारे वजन. "आदी सांगितली तर ती घट. मागनं सांगितली तर ती चोरी," असे आप्पा म्हणतात. दुसरी रीत : काम झाल्यावर उरलेला गोळा टेबलावर सरकवायचा नाही, तो गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. जे उरले त्याचे वजन माणसाला आपल्या हाताने कळले पाहिजे.

माझ्या आजाराबद्दल लिहिताना मी पहिल्या रितीने सुरुवात करते. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा मी डायलिसिस घेते, आणि या लेखाच्या शेवटीही मी ते घेतच असेन. मी बरी झाल्याची बातमी पुढे कोठेही नाही. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरला आहे त्यांना खोट्या धीरापेक्षा खऱ्या माहितीचा उपयोग अधिक होईल, अशा समजुतीने हे लिहीत आहे.

खडा

रसायनशास्त्रातली पदव्युत्तर परीक्षा मी नुकतीच दिली होती. बाहेरगावच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. विषय ठरला होता, मार्गदर्शक ठरले होते. त्याच सुमारास पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ दिवसभर टिकू लागले. सकाळी दात घासताना उमासे येत. लघवीला फेस येई आणि तो विरत नसे.

आमच्या भागात पाणी जड, ऊन कडक. मूतखडा घरटी एकाला झालेला. त्यामुळे कंबरेखालच्या कोणत्याही तक्रारीचे निदान शेजारीपाजारीच करून टाकतात. आईने हुलग्याचे माडगे सुरू केले. दहिवडीहून मामाचा फोन आला : "आशू, खडा हाय त्यो. पाणी लय पी. तांब्यावर तांब्या. आपोआप पडतोय." मी तांब्यावर तांब्या प्यायले. खडा नव्हताच. जे शरीर पाणी बाहेर टाकू शकत नव्हते त्यात मी पाणी भरत होते. आठवड्याभरात डोळे सुजून बारीक झाले आणि आडवे पडले की दम लागू लागला.

म्हणून ही पहिली सूचना. लघवीतला न विरणारा फेस बहुधा प्रथिनांचा असतो. साधी लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत 'पाणी पी' हा सल्ला कोणी कोणाला देऊ नये.

मूत्रपिंडाच्या डॉक्टर मध्यमवयीन, मृदू बोलणाऱ्या होत्या. सोनोग्राफीच्या कागदावर त्या पेनाने पुन्हापुन्हा एकच गोल काढत होत्या. "आकार थोडा लहान झालेला दिसतोय. आपण बघू. काही औषधं सुरू करू, मग हळूहळू..."

आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "आवं बाई, आमी गलाईवालं. घट आदी सांगा."

डॉक्टरांना शब्द कळला की नाही कोण जाणे, पण सूर कळला. त्यांनी पेन खाली ठेवले. "दोन्ही गेलेली आहेत. परत येणार नाहीत. कारण आता शोधूनही सापडणार नाही."

आईने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "खडा न्हाई का वो?"

"खडा असता तर फार बरं झालं असतं, ताई," डॉक्टर म्हणाल्या.

माणसे ज्याला दुखणे म्हणून घाबरतात त्याचीच आशा धरण्याची वेळ आईवर आली होती. त्या दिवसातले मला इतके स्पष्ट आठवणारे दुसरे वाक्य नाही.

केरातले सोने

घरी आल्यावर आप्पांनी विचारले, "मला एकदा नीट सांग. गाळणीगत असतंय ना? मग गाळणी धुता येत न्हाई व्हय?"

किडनीला गाळणी म्हणतात, आणि तेवढ्याने फार मोठा गैरसमज होतो. मी त्यांना त्यांच्याच धंद्यातून सांगितले. सराफाच्या दुकानातला केर गलाईवाले विकत घेतात. त्यात धूळ, राख, केस, काजळी सगळे असते आणि कणभर सोने असते. तो केर जाळून, धुऊन, वितळवून कण वेचून काढतात. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. सूक्ष्म केशवाहिन्यांचे लक्षावधी गुच्छ आधी रक्तातले पाणी आणि त्यात विरघळलेले बहुतेक सारे बाहेर टाकतात : साखर, क्षार, युरिया, भले-बुरे एकत्र. मग पुढच्या बारीक नळ्या त्यातून हवे ते एकेक करून परत उचलतात. साखर पूर्ण परत, पाणी बहुतांश परत, मीठ शरीराच्या गरजेइतके. जे उचलले जात नाही त्याला आपण लघवी म्हणतो. शिवाय रक्त तयार करण्याचा निरोप हाडांच्या मगजाला तेच धाडते, रक्तदाबावर लक्ष तेच ठेवते.

आप्पांनी ते आपल्या शब्दांत मांडून पाहिले. "म्हंजी आदी सगळं फेकायचं अन मग केरातनं सोनं येचायचं."

"हो."

"अन मशीन?"

"मशीन फक्त गाळणी आहे, आप्पा. त्याला वेचता येत नाही."

"मग तुजा कारागीर मेलाय, पोरी," ते म्हणाले आणि उठून मोरीकडे गेले. पाठ्यपुस्तकात मला याहून नेमके वाक्य सापडलेले नाही. याहून क्रूरही नाही.

कोरडवाहू

डायलिसिसच्या दिवसाची सुरुवात वजनकाट्यावर होते. दोन पाळ्यांच्या मधे अंगात साठलेले पाणी किती, ते काटा सांगतो. तेवढे यंत्राने काढायचे. माझ्या डाव्या मनगटाजवळ शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली आहे. तिथे सतत घरघर जाणवते; कान टेकला तर भाता चालल्यासारखा आवाज येतो. त्या जागी दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त जाते, दुसरीतून परत येते. चार तास हात हलवायचा नाही. कधी पोटरीत असा गोळा येतो की आजूबाजूच्यांची पर्वा न करता मी ओरडते. कधी रक्तदाब कोसळतो आणि छत लांब जाते. संपल्यावर पुन्हा काटा. आप्पा दारात उभे असत आणि एकच प्रश्न विचारत : "आज किती घट?"

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त सुभेदार असत. मूळचे कोरेगावकडचे, लेकीकडे सांगलीला राहणारे. त्यांनी वॉर्डातल्या रुग्णांची जमिनीसारखी प्रतवारी केली होती. ज्याला अजून थोडीफार लघवी होते तो बागायतदार. ज्याची बंद झाली तो कोरडवाहू.

"काय गं संशोधक, अजून बागायतीच हाईस व्हय?" ते मला विचारत.

"आहे अजून, काका. पाटाला पाणी कमी आहे."

"जप त्येवढं. आमी कवाच कोरडवाहू झालो."

"कोरडवाहूला पाऊस तरी असतो."

"असतोय की! आमचा आठवड्यातनं तीनदा पडतोय. पण उलटा, खालनं वर!" आणि ते स्वतःच्याच विनोदावर इतके हसत की सिस्टर दटावत, "सुभेदार, सुई हलंल."

या विनोदाला आधार होता. उरलेसुरले मूत्रपिंड जितके टिकेल तितके आयुष्य सोपे जाते. पाणी थोडे अधिक पिता येते, हृदयावरचा भार कमी राहतो. मी ती उरलेली घोटभर लघवी प्लॅस्टिकच्या भांड्यात मोजत असे. महिन्यागणिक ती उतरत गेली. श्रावण संपण्याच्या सुमारास एके सकाळी भांडे कोरडे राहिले, दुसऱ्या दिवशीही कोरडेच.

मी सुभेदारांना सांगितले. त्यांनी विनोद केला नाही. सुई नसलेला हात खाटेवरून पुढे केला, माझ्या खाटेच्या लोखंडावर दोनदा थापटला, आणि तोंड भिंतीकडे केले.

तहान

भूक मरते, तहान मरत नाही. दिवसाचे पाणी आई सकाळीच एका तांब्यात काढून ठेवते. औषधाच्या गोळ्या, चहा, आमटीतले पाणी, सगळे त्यातच. दुपारपर्यंत जीभ टाळ्याला चिकटते. बर्फाचा लहान खडा चघळला की घोटापेक्षा अधिक वेळ बरे वाटते. चूळ भरून टाकता येते. लिंबाची फोड हुंगली तरी तोंडाला थोडे पाणी सुटते. हे उपाय मला डॉक्टरांनी नाही, वॉर्डातल्या बायकांनी शिकवले.

आटपाडीत पाण्याचा तुटवडा पाहत मोठी झालेली आई पाहुण्याला आधी पाणी देते, मग 'बसा' म्हणते. तिला लेकीच्या हातातून तांब्या काढून घ्यावा लागला. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून, पदराआड पेला धरून पाणी पीत होती. चोरी पकडल्यासारखी दचकली. मी म्हणाले, "आई, तू पी ना समोर."

"माज्या घशाखाली उतरत न्हाई तुज्या म्होरं," ती म्हणाली.

आम्ही भांडलो त्या दिवशी. मला तिची करुणा सहन होत नव्हती आणि तिला माझा कोरडेपणा. मी म्हणाले की तुझ्या तहानलेले राहण्याने माझ्या रक्तातले पाणी कमी होत नाही. विधान शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होते. दोन दिवस घरात कोणी धड जेवले नाही.

शहाळे

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. शहाळे नेतात. दवाखान्याच्या फाटकाबाहेर शहाळ्यांची गाडी असते ती त्याचसाठी. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. आमच्या अंगात ते साचते, आणि एका मर्यादेपलीकडे साचले की हृदय थांबते. आधी सूचना देईलच असे नाही.

सुभेदारांना हे ठाऊक होते. त्यांच्या लेकीलाही ठाऊक होते. कोरेगावहून आलेल्या भावकीला नव्हते. लेक कामाला गेलेली असताना चौघे जण शहाळी घेऊन आले, दाराशीच सोलून दिली. घरी आलेल्या माणसाने पुढे केलेले नाकारायचे कसे, शिवाय त्या घशाची तहान. "एकानं काय हुतंय," असे ते म्हणाले म्हणे. पुढच्या पाळीला यायच्या आधीच ते गेले.

त्यांच्या खाटेवर नवीन माणूस होता. मी सिस्टरना विचारले तेव्हा त्यांनी सुया उघडत, माझ्याकडे न पाहता सांगितले. मग चार तास मला तिथेच पडून राहायचे होते, कारण हात हलवता येत नाही. रडताना नाक पुसायलाही दुसऱ्याला सांगावे लागते.

किडनीच्या रुग्णाला भेटायला जाल तेव्हा शहाळे नेऊ नका. फळांचा रसही नको. नेण्याआधी विचारा, आणि विचारणे जमत नसेल तर हात हलवत जा.

एकाच मुशीतली

सुभेदार गेल्यावर आप्पांनी घाई केली. प्रत्यारोपणाचा विषय आधीपासून होताच. आईला मधुमेह, म्हणून ती पहिल्याच फेरीत बाद. मी एकुलती एक. आप्पांचा रक्तगट माझाच. ते कळले त्या दिवशी त्यांनी पेढे आणले, आणि मला खायला चालत नाहीत हे आठवून ते गल्लीत वाटून टाकले.

"एकाच मुशीतलं हाय. बसणारच," ते ज्याला त्याला सांगत. तंबाखू सोडली. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊ लागले. मामाला फोनवर म्हणाले, "दाजी म्हणू नगंस आता मला, दाता म्हण."

मी संस्थेला पत्र लिहून वर्षभराची मुदत मागितली होती. ती मिळाली होती आणि संपत आली होती. माझा सारा हिशेब आता आप्पांच्या तपासण्यांवर उभा होता. ते मला आवडत नव्हते. तरी मी मनातल्या मनात शस्त्रक्रिया, विश्रांती, प्रवास, वसतिगृह, सगळे क्रमाने लावून ठेवले होते. आशा ही गोष्ट मी इतक्या शिस्तीने आजवर कधी केली नव्हती.

एका दुपारी मी यंत्राला जोडलेली असताना डॉक्टर स्वतः वॉर्डात आल्या. स्टूल ओढून बसल्या. आप्पा खाली औषधे आणायला गेले होते.

"वडिलांची किडनी घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. या खेपेस त्यांनी गोल काढले नाहीत. "त्यांच्याच लघवीतून प्रथिन जातंय. गाळण्याची क्षमता निम्म्याच्या थोडी वर आहे. त्यांना काहीच जाणवत नसणार."

"भट्टीमुळे?" मी विचारले. चांदीच्या कामात शिसे वापरतात. त्याचा धूर आप्पांनी उभा जन्म छातीत घेतला आहे.

"शक्य आहे. सिद्ध करता येणार नाही. पण आत्ता सापडलंय हे नशीब. धूर बंद केला, रक्तदाब सांभाळला, रोजची गोळी घेतली, तर बरीच वर्षं टिकेल." त्या थांबल्या. "मी सांगू त्यांना, की तुम्ही?"

माझे रक्त त्या क्षणीही नळीतून शांतपणे फिरत होते. मी म्हणाले, "मी सांगते. तुम्ही आज फक्त औषध लिहून द्या."

भट्टी

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. भट्टी पेटलेली नव्हती. आप्पा चिमट्यांची टोके घासत बसले होते.

"आप्पा, तुमची किडनी बसणार नाही."

"कोन म्हणतंय?"

"रिपोर्ट म्हणतोय. तुमची पण खराब व्हायला लागली आहे."

त्यांनी चिमटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग उसन्या उत्साहाने म्हणाले, "मामाची वळख हाय पुण्यात. दुसरीकडं दाखवू. तिथं एवढं बगत न्हाईत. मला काय हुतंय? घाट चढून येतोय मी."

खोटे सांगणार नाही : एका श्वासापुरते ते मला ऐकायचे होते. अंगातला प्रत्येक थेंब त्या बाजूला झुकला होता. दुसरीकडे खरोखरच बघत नसतील का, असा विचार पूर्ण वाक्यात मनात उमटला. पण निम्म्याच्या थोडी वर, त्यातली निम्मी मला, म्हणजे त्यांच्याकडे काय उरते, ही वजाबाकी मी तोंडी करू शकत होते. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवर, सुभेदारांच्या जागी, मला डोळ्यांपुढे आप्पा दिसले.

"गिऱ्हाईक घट कबूल करत नाही म्हणून तुम्ही दुसऱ्या काट्यावर वजन करून देता का?" मी विचारले.

ते एकदम भडकले. "माज्यावर उलटवतीस व्हय गं? माजीच इद्या?"

"मग कोणाची उलटवू? दुसरी घरात आहे कोणती?"

त्यांना हसू आले आणि ते चेहऱ्यावर अर्ध्यात मोडले. आप्पांना रडताना मी त्याआधी पाहिले नव्हते. आवाज होत नाही त्यांचा. फक्त हातातला चिमटा वाजत राहतो. रस्त्यावरून कोणी डोकावले, 'आप्पा, हाईसा का?' म्हणाले, मी आतूनच 'आज काम बंद आहे' असे सांगितले.

मग चिमटा खाली ठेवून त्यांनी विचारले, "माजी घट किती?"

"निम्म्याच्या जरा आत."

"म्हंजी निम्म्यापक्षा जास्त शिल्लक हाय."

"हो. आणि ती टिकवायची आहे. शिशाचं काम आजपासून बंद."

"अन तुजं?"

"माझं नाव प्रतीक्षा यादीत घालतात. कोणा परक्याची मिळाली तर मिळाली."

"कवा?"

"माहीत नाही, आप्पा. नाही मिळाली असंही होतं." मी आवाज स्थिर ठेवला. "संस्थेला आज कळवलं. जागा सोडली मी."

त्यांनी भट्टीकडे पाहिले, मग माझ्या डाव्या मनगटाकडे. हात पुढे करून त्या घरघरणाऱ्या जागेवर दोन बोटे टेकवली, मूस तापली की नाही हे लांबूनच जोखणाऱ्या माणसाने अगदी जवळून जोखावे तशी.

"भाता चालू हाय," ते म्हणाले.

मी पिशवीतून त्यांच्या गोळ्यांची पट्टी काढली. तिच्यातून एक गोळी सोडवली. समोर टेबल होते, काटा होता, त्याचे पितळी पारडे रिकामे होते. मी त्यांचा उजवा हात उलटा केला आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

आप्पांनी ती क्षणभर तशीच धरली. मग कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला, माझ्याकडे एकदा पाहिले, पाठ न फिरवता, माझ्यासमोर, तो पूर्ण प्याले.